चाचांचा इश्टू आणि माझी एक राहिलेली बातमी

गेल्या रविवारी मी स्टेटसला एका भांड्याचा फोटो ठेवला होता. दाट तपकिरी रस्सा, त्यात गाजर, बटाटा आणि मांसाचे मोठमोठे तुकडे. खाली एवढंच लिहिलं, ‘चाचांचा इश्टू, ९ तास.’ रात्रीपर्यंत तीसेक मेसेज आले. निम्म्यांनी विचारलं, कसा केला? निम्म्यांनी विचारलं, कशाचा केला? आणि दोन जुन्या मित्रांनी सांगितलं, फोटो काढून टाक, दिवस बरे नाहीत. त्यांनी काळजीपोटीच सांगितलं, त्यांच्यावर राग नाही. फोटो मात्र काढला नाही. दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथं देतो. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

आधी ‘कशाचा’. म्हशीचा. आपल्याकडं ज्याला मोठ्याचं म्हणतात ते. महाराष्ट्रात म्हशीचं मांस विकणं, खाणं कायद्यानं बंद नाही. एवढं साधं वाक्य लिहितानाही मी एकदा थांबलो, पुन्हा वाचलं, मग पुढं गेलो. त्याबद्दल खाली लिहितोच. पण आधी चाचांकडं जाऊ.

आमचं साप्ताहिक ज्या प्रेसमध्ये छापायचं तिथं चाचा मशीनमन होते. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून गावात आलो तेव्हा मला कोणता मथळा किती मोठा ठेवायचा हेही धड कळत नव्हतं. एकदा एका अंकात श्रद्धांजलीच्या बातमीत मयताचं नाव आणि शोकसभेच्या अध्यक्षांचं नाव अदलाबदल झालं होतं. चाचांनी मशीन थांबवून ते पकडलं, नाहीतर जिवंत माणसाला आम्ही श्रद्धांजली वाहिली असती. आता त्यांनी सत्तरी ओलांडली. गुडघे गेले, चाची तीन वर्षांपूर्वी गेल्या. गॅससमोर तासभर उभं राहणं होत नाही. शारजाहून आलेल्या पोरानं त्यांना एक स्लो कुकर आणून दिला. त्याची पिन तिकडची, तीन चौकोनी पायांची, आपल्या सॉकेटात जात नाही. त्यासाठी चाचांनी वेगळा ॲडाप्टर घेतला आणि तो काढायचा नाही म्हणून त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवली.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्लो कुकर म्हणजे चिनी मातीचं जाड भांडं, त्याभोवती विजेची गरम होणारी तार आणि वर काचेचं झाकण. शिट्टी नाही, प्रेशर नाही. हळू आणि जलद अशी दोन बटणं. हळूवर ठेवला की साधारण दोनशे वॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे आठ तासांत दीड युनिटच्या थोडं वर. वीसेक रुपयांत काम होतं. सिलिंडर वाचतो आणि जवळ कुणी बसायला लागत नाही. चाचा इशाच्या नमाजाआधी सगळं भरून बटण दाबतात आणि सकाळी फजर झाल्यावर झाकण उघडतात.

शनिवारी रात्री मी वही घेऊन बसलो होतो. त्यांनी सांगितलं तसं लिहितो.

मांस घ्यायचं ते बोंगचं, म्हणजे गुडघ्याखालचं, पोटरीचं. किंवा खांद्याचं. आपण मटणवाल्याला ‘कोवळं दे’ म्हणतो, इथं उलटं मागायचं. आयुष्यभर चालून ज्या मांसाला ताकद आली आहे, ज्यात पांढऱ्या चिवट शिरा आणि पडदे आहेत, तेच हवं. त्या चिवटपणात कोलॅजन असतं. साठ अंशांच्या पुढं ते हळूहळू सुटायला लागतं, सत्तर-ऐंशीच्या घरात चांगलं विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. रस्सा ओठाला चिकटतो तो त्यामुळं. कोवळं, बिनशिरांचं मांस नऊ तास ठेवलं तर त्याचा नुसता कोरडा भुसा होतो. म्हणजे हा स्वस्त तुकड्यांचाच पदार्थ आहे, महागडं मांस इथं वाया जातं. आमच्याकडं सध्या बोकडाचं मटण आठशेच्या घरात आहे आणि मोठ्याचं तीनशेच्या आगेमागे. हा आकडा लक्षात असू द्या.

एक किलोचे दोन-दोन इंचांचे तुकडे करायचे, बारीक नाही. फडक्यानं कोरडे करायचे. लोखंडी कढई चांगली तापवून थोड्या तेलात एकेक घाणा परतायचा, सगळे एकदम टाकले तर पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी उकडतात. बाजू काळपट-तांबूस झाल्या पाहिजेत. चाचा म्हणाले, “ह्याच्यात आळस केला ना बेटा, तर सकाळी आजाऱ्याचं जेवण मिळतं.” हे खरं आहे, कारण कुकरच्या आत सगळं दमट असतं, तिथं काहीच भाजलं जात नाही. रंग आणि खमंगपणा आणायचा तो आधीच, कढईत.

मग त्याच कढईत चार मोठे कांदे उभे चिरून, आठ-दहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा. कांदा गुलाबी झाला की दोन चमचे कणीक टाकून भाजायची, रस्सा दाट होतो. कढईच्या बुडाला जे खरपूस चिकटलेलं असतं ते गरम पाणी घालून उलथन्यानं खरवडून घ्यायचं, ते टाकून देणं म्हणजे पाप. कुकरच्या तळाला बटाटे आणि गाजर, मोठे तुकडे करून. आम्हाला वाटतं भाजी लवकर शिजते, पण ह्या भांड्यात बटाटा मांसाइतकाच वेळ घेतो, म्हणून तो खाली, उष्णतेजवळ. वर मांस, वर कांदा. दोन तमालपत्रं, दहा-बारा मिरे, चार अख्ख्या सुक्या लाल मिरच्या, दालचिनीचा तुकडा, मीठ. पाणी गरमच घालायचं आणि कमी घालायचं, मांसाच्या वर येऊ द्यायचं नाही. वाफ बाहेर जात नाही, त्यामुळं पाणी आटतही नाही. टोमॅटो किंवा लिंबू शेवटी, आंबट आधी घातलं तर बटाटा दडस राहतो.

झाकण लावलं की हात लावायचा नाही. मी दोनदा उघडायला गेलो, चाचांनी दोन्ही वेळा हातावर चापट मारली. एकदा झाकण उघडलं की जी ऊब जाते ती भरून यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

ह्याला ते इश्टू म्हणतात. दिल्ली-लखनौकडून हैदराबादपर्यंत मुसलमान घरांमध्ये हा शब्द चालतो. साहेबांच्या ‘स्ट्यू’चाच तो इश्टू झाला, फक्त त्यात कांदा आणि लाल मिरची आपली आली. मराठवाड्याला हे रात्रभर शिजवणं काही नवीन नाही. संभाजीनगरचा नान-खलिया मोठ्या देगीत असाच निवांत शिजतो. निहारीच्या नावातच सकाळ आहे, ‘नहार’ म्हणजे सकाळ. आणि गंमत म्हणजे हे यंत्रही अशाच एका घरातून आलंय. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन नावाच्या ज्यू इंजिनिअरनं १९३६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९४० मध्ये पेटंट मिळालं. त्याच्या आईकडून त्यानं लिथुआनियातल्या गावची गोष्ट ऐकली होती. शनिवार हा ज्यूंचा सुट्टीचा धार्मिक दिवस, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घराघरांतून मांस, घेवडा, बटाटे भरलेली मडकी बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काढायची. त्या पदार्थाला चोलंट म्हणतात. १९७० च्या सुमारास एका कंपनीनं नॅक्सनचा धंदा विकत घेतला आणि तोच कुकर क्रॉक-पॉट नावानं घराघरात गेला. कामावर जाणाऱ्या बायकांनी तो उचलून धरला.

आता दोन धोके, हे खरंच लक्षात ठेवा. एक, फ्रीजरमधलं गोठलेलं मांस तसंच टाकायचं नाही. ते तापायला फार वेळ घेतं आणि पाच ते साठ अंशांच्या मधे अन्न जास्त वेळ राहिलं की जंतू वाढतात. आपल्याकडं रात्री लाईट जाते, तेव्हाही हेच. तुम्ही जागे असाल तर लगेच गॅसवर काढून शिजवा. झोपेत किती वेळ गेली होती हे कळलंच नाही तर टाकून द्या, जिवावर आलं तरी. दोन, ज्यांना मांस खायचं नाही ते ह्यात राजमा करतील. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मगच कुकरमध्ये टाका. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो ह्या कमी आचेवर जात नाही.

प्रेशर कुकरमध्ये हे होत नाही का? होतं, पाऊण तासात होतं. मी वाद घालणार नाही. पण सत्तरीच्या माणसाला एकट्यानं, बसल्या जागी, दोन दिवस पुरेल असं जेवण करता येतं ते ह्याच्यावर.

झाली रेसिपी. रविवारी सकाळी दोघांनी पावाबरोबर खाल्लं. माझी आई माळकरी आहे, आमच्या घरात अंड्याचं भांडंही वेगळं असतं. तिला मी काय खाऊन आलो ते सांगितलं. ती म्हणाली, “अंघोळ कर आन् मग देवघरात जा.” बस, एवढंच. तिनं पंढरपूरची वारी आयुष्यभर केली, पण शेजारच्या चुलीवर काय शिजतंय हे बघायला ती कधी गेली नाही.

खाताना चाचा एक वाक्य बोलले आणि माझा घास अडकला. म्हणाले, “बोंग आता नीट मिळत नाही. आपला माणूस होता तोपर्यंत चांगली काढून द्यायचा.”

तो ‘आपला माणूस’ मला माहीत आहे. त्याचं दुकान बंद होण्यात माझाही हात आहे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या द्यायचो. पहाटे चार पोरांनी बायपासला एक टेम्पो अडवला, पोलिसांना फोन केला. मांस जप्त झालं. दुपारी प्रेसनोट आली, त्यात शब्द होता ‘गोमांससदृश’. मी बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी छापून आली तेव्हा मथळ्यात ‘सदृश’ गायब होतं आणि त्या माणसाचं नाव, वय, मोहल्ला सगळं होतं. ‘सदृश’ मी काढलं की डेस्कनं, हे आज मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण सकाळी पेपर हातात घेतल्यावर मला ते खटकलं नव्हतं, हे नक्की सांगता येतं. उलट पहिल्या पानावर आली म्हणून मी खूश होतो.

पाचेक महिन्यांनी तो माणूस प्रयोगशाळेच्या अहवालाची झेरॉक्स घेऊन माझ्याकडं आला. नमुना म्हशीचा होता. त्याला फक्त एवढंच हवं होतं की जिथं पहिली बातमी आली तिथं चार ओळी याव्यात. मी फोन केला. जागा नाही, म्हणाले. पुन्हा आठवडाभरानं केला, आता ते जुनं झालं, म्हणाले. मी तिसऱ्यांदा केला नाही. माझं स्वतःचं साप्ताहिक होतं, त्यातही छापलं नाही. निवडणूक जवळ आली होती, जाहिराती कुणाकडून येतात ते तुम्हाला माहीत आहे. त्याचा टेम्पो ठाण्याच्या आवारात दोन पावसाळे गंजला. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तो दुसऱ्याची रिक्षा चालवतो, मला बघितलं की हात करतो. हेच जास्त लागतं.

कायदा काय म्हणतो ते सरळ सांगतो, कारण आपल्या गावात कायद्यावर बोलणारे पुष्कळ आणि वाचलेले थोडे. महाराष्ट्रात १९७६ चा प्राणी रक्षण कायदा आहे, गाईची कत्तल त्यानंच बंद झाली. २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बैल, वळूही त्यात आले. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कत्तलीची बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, आणि आरोपीनंच आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करावं हे कलमही रद्द केलं. म्हैस ह्या बंदीत नाही. तिच्या कत्तलीसाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो, एवढंच. देशातून परदेशात जे मांस जहाजं भरून जातं ते म्हशीचंच, आणि त्या निर्यातीत भारत जगात वरच्या नंबरात आहे. व्हिएतनामला पाठवलेलं चालतं आणि बायपासवरून बाजारपेठेत आणलेलं चालत नाही, हा कुठला हिशोब?

कायदा बदला असं मी इथं म्हणत नाही, त्यावर माझं मत वेगळ्या दिवशी. आहे तो कायदा तरी पाळा, एवढंच म्हणतोय. वाटेत गाडी थांबवून आतलं जनावर तपासायचा अधिकार पोलिसांचा आहे, गळ्यात उपरणं घातलेल्या पोराचा नाही. दाखला हवा म्हणता, मग आपल्या नगरपरिषदेकडं परवान्याचा कत्तलखाना का नाही? पशुवैद्यकानं दाखला द्यायचा कुठं उभं राहून? गेल्या कित्येक अर्थसंकल्पांत तो विषय येतो आणि पुढच्या सभेवर जातो, कारण हो म्हणणाऱ्या नगरसेवकाचा फोटो फिरेल अशी सगळ्यांना भीती. मग कायदेशीर मालाला कायदेशीर जागाच नाही, खाटीक कायम अर्धा गुन्हेगार, आणि अर्ध्या गुन्हेगाराकडून हप्ता घेणं सोपं असतं.

आणि हे फक्त त्यांच्यापुरतं राहतं असं समजू नका. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी समाजानं ह्याच त्रासाला कंटाळून जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली. तेव्हा बाजारात रडकुंडीला आले ते कोण? आपलेच शेतकरी. आटलेली म्हैस विकून, वर थोडे पैसे घालून दुभती आणायची, ह्यावर दुधाचा धंदा चालतो. गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर भाकड जनावराला दिवसाला वैरण कुठून घालायची? दूधवाल्या एका नातेवाइकानं मला विचारलं, “तुम्ही पेपरवाले त्यांच्याशी बोला ना, बाजार सुरू करायला सांगा.” हाच नातेवाईक टेम्पो पकडल्याच्या बातमीला अंगठा देणाऱ्यांत होता. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. दोन महिने बोलला नाही.

आणि हो, हे खाणं एकाच धर्माचं आहे हाही गैरसमज काढून टाका. मराठवाड्यातल्या महार-मांगवाड्यांतल्या चुलींवर काय शिजायचं, ते शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये सविस्तर आहे. आठशे आणि तीनशे हा फरक मी वर लक्षात ठेवायला सांगितला होता तो ह्यासाठी. बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईच्या घरात आठवड्याला एकदा काही सकस शिजतं ते त्या तीनशेवाल्या दुकानामुळं.

तालुक्यातल्या नव्या पत्रकार पोरांना एक विनंती. म्हशीची चरबी पांढरी असते आणि गाईची पिवळसर, एवढं तुम्हाला कुणीही म्हातारा सांगेल, पण तोही पुरावा नाही. पुरावा अहवाल असतो. तो येईपर्यंत ‘मांस जप्त, तपासणीला पाठवले’ एवढंच छापा आणि नाव टाकू नका. मथळा फिका होतो, होऊ द्या. आणि डायरीत तारीख लिहून ठेवा, अहवालाची विचारणा करायला.

माझी डायरी उशिरा निघाली. तरी ती बातमी आज देतो: बायपासवर पकडलेल्या त्या टेम्पोतलं मांस म्हशीचं होतं, असा प्रयोगशाळेचा अहवाल आला होता. मी तो स्वतः वाचला होता. पहिली बातमी चुकीची होती, ती मी दिली होती. त्याचं नाव पुन्हा लिहीत नाही, त्याला आता ते नको असेल. साप्ताहिकाच्या येत्या अंकात पहिल्या पानावर चौकटीत हेच येईल. जाहिरातदारांना काढून घ्यायची असेल तर घेऊ द्या.

तो फेसबुकवर नाही. चाचांना फोन केला होता, ते म्हणाले रविवारी त्याला जेवायला बोलावतो, तू प्रिंट काढून आण. बोंग मिळाली तर तोच बघून घेईल म्हणाले.